हायड्रोजनची गाडी : गिऱ्हाईक कोण आणि बिल कोणाच्या नावावर?



कापूस-ज्वारीवाल्यांच्या पत्रकात हायड्रोजनचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. ज्या नव्या इंधनाचा गाजावाजा चालला आहे त्याला जमीन लागते, वीज लागते, पाणी लागते. आणि हायड्रोजनचे आजचे एक मोठे गिऱ्हाईक म्हणजे खताचा कारखाना. जमीन आपली आणि खत घेणारेही आपणच. तेव्हा या व्यवहारात आपण दोन्ही बाजूंनी अडकलेलो आहोत. ज्याची जमीन आणि ज्याच्या खिशातला पैसा, त्याने हिशेब मांडायचा नाही तर कोणी मांडायचा?

नागपूरचे खासदार आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी ३० मार्च २०२२ रोजी हायड्रोजनवर चालणाऱ्या टोयोटा मिराई मोटारीतून संसदेत गेले. फोटो छापून आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी तयार केलेली हायड्रोजन बस दाखवण्यात आली. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत इंडियन ऑइलच्या बसला हिरवा झेंडा दाखवला गेला. धुराड्यातून धूर नाही, नुसती वाफ. बघणाऱ्याला वाटते, चार-पाच वर्षांत सगळ्या गाड्या यावरच चालतील. मग गावात माणसे येतात आणि सांगतात, "तुमच्या माळरानाचे आता सोने होणार." ही भाषा आपण पूर्वीही ऐकलेली आहे.

मोगली एरंडाची आठवण

२००३ साली नियोजन मंडळाच्या समितीने जट्रोफाचे, म्हणजे आपल्या मोगली एरंडाचे, स्वप्न दाखवले. पडीक आणि कोरडवाहू जमिनीवर लावा, पाणी नको, खत नको, बियांतून डिझेल निघेल आणि देशाला लागणाऱ्या डिझेलचा पाचवा हिस्सा त्यातून भागेल, असा तो बेत होता. कागदावर मागणी प्रचंड होती. २००५ च्या ऑक्टोबरात सरकारने बायोडिझेल खरेदीचे धोरण जाहीर केले आणि भाव ठरवला लिटरला २५ रुपये. त्या भावात बी गोळा करणे, तेल काढणे आणि डिझेल बनवणे परवडत नव्हते. बिनपाण्याचे उत्पन्नही सांगितले तेवढे आले नाही. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचे काही गेले नाही. ज्याने बांधावर आणि वावरात रोपे लावली त्याची वर्षे गेली.

ज्वारीवाल्यांचाही असाच अनुभव आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर कित्येक वर्षे काम केले, 'मधुरा' नावाची जात दिली, ताटांच्या रसापासून अल्कोहोल करून दाखवले. काम खरे होते. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणातही गोड ज्वारीचे नाव आहे. पण ज्वारीच्या पट्ट्यात या ताटांचा बाजार काही उभा राहिला नाही. ऊसवाल्यांचा बाजार उभा राहिला, तर ७ डिसेंबर २०२३ रोजी एका आदेशाने उसाचा रस इथेनॉलला वापरायला बंदी आली. आठवडाभरात ती थोडी सैल केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उठवली. मधल्या काळात ज्यांनी कर्ज काढून इथेनॉलचे कारखाने घातले होते त्यांनी काय करायचे?

यातून एक गोष्ट शिकायची. भाषणात सांगितली जाते ती मागणी नव्हे. रोख पैसे हातात घेऊन, परवडेल त्या भावाने माल उचलायला जो दारात उभा राहतो, तो म्हणजे मागणी. हायड्रोजनला हीच फूटपट्टी लावून पाहू.

हायड्रोजन मिळतो कसा?

हायड्रोजन विहिरीतून काढायचे इंधन नव्हे. तो बनवावा लागतो. आज तो बहुतेक नैसर्गिक वायूपासून आणि कोळशापासून बनतो. वायूच्या रीतीत एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कोळशाच्या रीतीत त्याहून जास्त. दुसरी रीत म्हणजे पाण्यात वीज सोडून पाणी फोडायचे. वीज सौर किंवा पवनऊर्जेची असली की त्याला 'हरित हायड्रोजन' म्हणतात. एका किलोला ५० ते ५५ युनिट वीज लागते. मग तो वायू साडेतीनशे ते सातशे पट दाबाखाली टाकीत भरायचा, किंवा उणे २५३ अंशांपर्यंत थंड करून पातळ करायचा. गाडीत गेल्यावर फ्युएल सेलमध्ये त्याची पुन्हा वीज करायची आणि त्या विजेवर मोटर फिरवायची.

म्हणजे विजेपासून वायू आणि वायूपासून परत वीज. प्रत्येक पायरीवर गळती आहे. शंभर युनिट वीज बॅटरीत भरली तर सत्तर-ऐंशी युनिटांचे काम चाकापर्यंत पोचते. तीच वीज हायड्रोजनच्या वाटेने नेली तर तीसच्या आसपास पोचते. पाटाने पाणी सोडले आणि दोन तृतीयांश वाटेतच मुरले, तर कोणता शेतकरी त्याला चांगला पाट म्हणेल?

आता रुपयांत बघा. मोठी बस शंभर किलोमीटरला सुमारे ८ किलो हायड्रोजन खाते. २०२५ साली तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठी ज्या निविदा झाल्या त्यांत हरित हायड्रोजनचे भाव किलोला साधारण ३३० ते ४०० रुपयांच्या दरम्यान निघाले. ३५० धरू. आठ किलोचे झाले २,८०० रुपये, तेही कारखान्याच्या दारात. दाब देणे, वाहून नेणे आणि पंप उभारणे याचा खर्च वेगळा. डिझेलची बस लिटरला चार किलोमीटर जाते असे धरले आणि डिझेल ९० रुपये धरले, तर त्याच शंभर किलोमीटरला २,२५० रुपये लागतात आणि त्यात सरकारचा करही आला. बॅटरीच्या बसला सव्वाशे युनिट पुरतात. युनिटला ८ रुपये धरा, हजार रुपये होतात.

आठ किलो हायड्रोजन बनवायला ४०० ते ४४० युनिट वीज लागते. तेवढ्या विजेवर पाच हॉर्सपॉवरचा पंप शंभर तासांच्या आसपास चालेल. रात्री-अपरात्री साप-विंचवांतून पाणी द्यायला जाणाऱ्याला हा हिशेब फोड करून सांगायची गरज नाही.

जगाचा बाजार काय म्हणतो?

मिराई मोटार जपानात २०१४ साली बाजारात आली. दहा वर्षे उलटली तरी हायड्रोजनच्या फ्युएल सेलवर चालणारी सगळ्या जगातली वाहने लाखाच्या आसपासच होती. त्याच २०२४ साली एका वर्षात विजेवर चालणाऱ्या पावणेदोन कोटींच्या आसपास मोटारी विकल्या गेल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेल कंपनीने कॅलिफोर्नियातले आपले मोटारींचे हायड्रोजन पंप बंद केले. जर्मनीत लोअर सॅक्सनी राज्याने २०२२ साली हायड्रोजनच्या रेल्वेगाड्या मोठ्या थाटात सुरू केल्या आणि पुढच्याच वर्षी ठरवले, की यापुढे बॅटरीच्या गाड्या घ्यायच्या. अमेरिकेत हायड्रोजनचे ट्रक बनवणारी निकोला कंपनी फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. चीनमध्ये हायड्रोजनचे ट्रक आणि बस बऱ्या संख्येने आहेत, पण ते सरकारी अनुदानावर.

२०२३ साली जगात ९ कोटी ७० लाख टन हायड्रोजन वापरला गेला. तो तेलशुद्धीकरणाला, अमोनियाला, मिथेनॉलला आणि पोलादाला गेला. वाहतुकीचा वाटा त्यात एक टक्क्याचा दहावा भागसुद्धा नव्हता.

आपल्या सरकारलाही हे कळते, पण बोलण्यातून ते दिसत नाही. दिसते ते हिशेबाच्या वहीत. ४ जानेवारी २०२३ रोजी मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केले. खर्च १९,७४४ कोटी रुपये आणि लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. यातले १७,४९० कोटी यंत्रे आणि उत्पादन यांच्या अनुदानाला. वाहतुकीच्या प्रयोगांना ४९६ कोटी, म्हणजे शंभरातले अडीच रुपये. मार्च २०२५ मध्ये देशभरात मंजूर झाली ती ३७ वाहने आणि ९ पंप. पुणे-मुंबई हा त्यातला एक मार्ग.

तर मग वाहतुकीत हायड्रोजन अजिबात येणारच नाही का? असे म्हणणेही आततायीपणाचे होईल. लांब पल्ल्याचे अवजड ट्रक, खाणीतली वाहने, ज्या ठिकाणी तासन् तास चार्जिंगला थांबता येत नाही अशी कामे, यांत त्याला जागा मिळू शकते. समुद्रातली जहाजे हायड्रोजनपासून केलेल्या अमोनियावर किंवा मिथेनॉलवर चालवण्याची खटपट चालू आहे. कच्च्या तेलाची आयात कमी व्हावी हेही खरेच. पण मोटारसायकल, मोटार, शहरातली बस, जिनिंगला कापूस नेणारा छोटा टेम्पो यांत बॅटरीने बाजी मारलेली आहे. माझे मत स्पष्ट आहे. वाहतुकीचे इंधन म्हणून हायड्रोजनची मागणी येत्या दहा वर्षांत किरकोळ राहील. त्या मागणीच्या भरवशावर कोणी आपल्या जमिनीचा सौदा करू नये.

खरे गिऱ्हाईक खताची गोणी

मग पन्नास लाख टन हायड्रोजन जाणार कुठे? तेलशुद्धीकरणाला, पोलादाला, निर्यातीला आणि खताला. इथे आपण येतो.

युरियाची ४५ किलोची एक गोणी बनवायला साडेपंचवीस किलो अमोनिया लागतो आणि तेवढ्या अमोनियात साडेचार किलो हायड्रोजन असतो. मंत्र्यांची मोटार टाकीत साडेपाच किलो हायड्रोजन भरून शहरभर फिरते. आपण पऱ्हाटीला युरिया देताना गोणीमागे साडेचार किलो हायड्रोजन खपवतो आणि आपल्याला कोणी हायड्रोजनवाले म्हणत नाही! डीएपीच्या ५० किलोच्या गोणीतही अकरा किलोच्या आसपास अमोनिया असतो.

२०२५ साली सरकारी कंपनी सेकीने खत कारखान्यांसाठी हरित अमोनियाचे लिलाव केले. पहिल्या लिलावात भाव निघाला किलोला ५५ रुपये ७५ पैसे. पूर्वीच्या अंदाजांच्या मानाने हा भाव बराच उतरलेला आहे आणि दहा वर्षे तो बांधलेला आहे, ही चांगली गोष्ट. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले तेव्हा आयात वायू आणि खतांचे भाव कसे भडकले ते आपण पाहिले. तरीही या भावाने युरियाच्या एका गोणीतला नुसता अमोनिया १,४०० रुपयांच्या पुढे जातो. युरियाची गोणी आपल्याला मिळते ती २४२ रुपये अधिक कडुनिंब-लेपन आणि कर या भावाने.

मधला फरक आज सरकार कारखान्याला देते आणि नाव आपले लावते. 'शेतकऱ्यांना एवढे लाख कोटींचे अनुदान' असे दरवर्षी अर्थसंकल्पात वाचायचे आणि त्याच शेतकऱ्याच्या कापसाचा भाव चढला की आयात खुली करायची! ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले, ऐन हंगामाच्या तोंडावर. एका हाताने गोणीवर दिल्याचा देखावा करायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच्या अनेक पटींनी बोंडातून काढून घ्यायचे, ही जुनीच रीत आहे.

हरित अमोनियाला सरकारची मदत पहिली तीन वर्षे आहे आणि कारखान्याचा खरेदीचा करार दहा वर्षांचा. चौथ्या वर्षापासून जादा बोजा पडलाच तर तो कोणी उचलायचा? हवा शुद्ध व्हावी याला आमचा विरोध नाही. हवामान बिघडले की पहिला मार कोरडवाहूवाल्यालाच बसतो. पण जगाची हवा शुद्ध करण्याचे बिल खताच्या गोणीवर लिहून आमच्या नावावर टाकायचे असेल, तर आधी आमच्या मालाला जगाचा भाव मिळू द्या.

जमीन आणि पाणी

पन्नास लाख टनांसाठी सव्वा लाख मेगावॅट नवी वीज लागेल, असे मिशनच्याच कागदात आहे. सौर प्रकल्पाला एका मेगावॅटमागे चार ते पाच एकर जागा लागते. सगळी वीज सौर धरली तर पाच लाख एकरांच्या पुढे जागा जाईल. काही वीज पवनचक्क्यांची असल्याने प्रत्यक्ष आकडा कमी होईल, पण जमीन लागणार हे नक्की. कोणाची? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ओलिताच्या बहुपीक जमिनीला संरक्षण दिले आहे; अगदी नाइलाज असेल तरच ती घ्यायची. कोरडवाहूला तेवढे कडक कुंपण नाही. ऊन भरपूर, जमीन 'स्वस्त' आणि मालक कर्जात! प्रकल्पवाल्यांची नजर आपल्याकडे वळणे साहजिक आहे.

नजर वळली तर वाईट नाही. गिऱ्हाईक येणे कधीच वाईट नसते. महाराष्ट्रातल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खाजगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि दरसाल तीन टक्के वाढ असा दर आहे. एकरी पन्नास हजार झाले. कोरडवाहू कापसात खर्च वजा जाता एकरी हातात काय राहते ते आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा भाड्याने द्यायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण भाडे वेगळे आणि संपादन वेगळे. उद्योगपतीला जमीन हवी तर त्याने मालकाशी बोलावे, घासाघीस करावी. मध्ये सरकारने दंडुका घेऊन उभे राहू नये.

पाण्याचा बागुलबुवा करण्यात अर्थ नाही. एक किलो हायड्रोजनमध्ये नऊ लिटर पाणी जाते. शुद्धीकरण आणि थंड करणे धरून वीस-तीस लिटर. सगळ्या पन्नास लाख टनांना वर्षाला चार-पाच टीएमसी पाणी लागेल. एकट्या जायकवाडीचा उपयुक्त साठा शहात्तर टीएमसींच्या आसपास आहे. देशाच्या हिशेबात हे पाणी फार नाही. पण तालुक्यातल्या एका लघुतलावावर एक कारखाना बसला तर त्या तालुक्याला ते फार आहे. म्हणून पाणी किती यापेक्षा ते कुठून उचलणार, हे विचारायचे.

पऱ्हाटीचे काय?

एक शक्यता मात्र आपल्या वावरातली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने हरित हायड्रोजनची व्याख्या केली, तीत काडीकचऱ्यापासून केलेला हायड्रोजनही बसतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने एक किलो सुक्या काडीकचऱ्यापासून १०० ग्रॅम हायड्रोजन काढण्याची पद्धत विकसित केली आहे. एकरात दहा क्विंटलच्या आसपास पऱ्हाटी निघते. म्हणजे एकरी शंभर किलो हायड्रोजन आणि त्यावर बस बाराशे किलोमीटर! हा आकडा प्रयोगाचा आहे, बाजाराचा नव्हे. तुकडे करणे, सुकवणे, वाहणे, कारखाना चालवणे यांत बराच पैसा जाईल. शिवाय पऱ्हाटी आज चुलीला लागते, आणि बारीक करून जमिनीत गेली तर सेंद्रिय कर्बही देते. तिचा भाव या दोन्ही उपयोगांहून सरस असला तरच विकायची.

पण आज ती उपटायला आपणच मजुरी देतो, आणि ढीग बांधावर राहिला तर त्यातल्या किडक्या बोंडांतून गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाला पोचते. फेब्रुवारीत वावर मोकळे करून वर चार पैसे देणारा कोणी आला तर हवाच आहे. अट एकच. पऱ्हाटीला 'टाकाऊ माल' म्हणून फुकट उचलू द्यायचे नाही, आणि एका तालुक्याची पऱ्हाटी एकाच कारखान्याला अशी हद्दबंदी मान्य करायची नाही. १९७२ पासूनच्या कापूस एकाधिकार खरेदीत, दुसऱ्याला विकायला बंदी असली की काय होते ते आपण भोगलेले आहे.

बैठकीपुढे चार ठराव

१. गाडीचे इंधन सरकारने ठरवू नये. डिझेल, वीज, इथेनॉल, हायड्रोजन यांनी बाजारात आपापल्या भावाने टिकून दाखवावे.

२. हरित अमोनियाचा जादा खर्च खताच्या गोणीवर किंवा शेतकऱ्याच्या नावाने अनुदान म्हणून दाखवू नये. हवा सगळ्यांची, तर खर्चही सगळ्यांचा.

३. हायड्रोजन किंवा सौर प्रकल्पासाठी कोरडवाहू जमिनीचे सक्तीचे संपादन होऊ नये. भाडेकरार मालकाच्या मर्जीने, मराठीत लिहिलेला, दरसाल वाढीचा आणि मुदत संपल्यावर जमीन मोकळी करून देणारा असावा.

४. पऱ्हाटी, ताटे, तुराट्या यांच्या विक्रीवर हद्दबंदी, परवाना किंवा ठरीव भाव असू नये.

गावात कोणी हायड्रोजनच्या नावाने करार घेऊन आला तर त्याला चहा पाजा आणि तीन प्रश्न विचारा : माल कोण घेणार, काय भावाने घेणार, आणि ते कोणत्या कागदावर लिहिले आहे? उत्तरे मिळाली तर कागद घेऊन बैठकीला या, सगळे मिळून वाचू. नाही मिळाली तर मृगाची तयारी करा. सरकी भरायचे दिवस कोणासाठी थांबत नाहीत.